एक कप, गरम, बसून!

...नाही, मी काय म्हणतो, समोसा तेलात गेल्यावर उघडतोच कशाला? बाहेर होता तोवर गप्प होता ना? पाणी लावून, तोंड दाबून चांगला बंद केला होता मी. कढईत सोडला नि सगळा बटाटा तेलात! हसताय? हसा. चार माणसांना दुपारच्या चहाला बोलवायचं, त्यात काय एवढं, असं मलाही वाटायचं. मी ड्रायव्हिंग शिकवतो हो, रोज एकेक धडधाकट माणूस मला भिंतीवर घालायला बघतो आणि मी शेजारी बसून "छान, छान" म्हणतो. पण तुम्हाला सांगतो, त्या रविवारी ओट्यापाशी जो घाम फुटला ना, तो चढावर गाडी उलटी मागे यायला लागली तेव्हाही फुटला नव्हता!

झालं काय, मुळापासून सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ उडायचा. मागे हिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, आणि त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू, असेच चहाला आले होते. आम्ही बाहेर गप्पा हाणतोय आणि ही आपली आत-बाहेर, आत-बाहेर. शेव आण, चटणी आण, याला साखर कमी, त्याला अजिबात नको... ते गेले, मी पाणी प्यायला आत गेलो, तर ही ओट्यापाशी उभी राहून चहा पितेय. गार! वर ही जाड साय! बोटानं साय बाजूला सारली नि औषध घेतल्यासारखा घटाघटा... मी म्हटलं, "अगं, गरम तरी करून घे!" तर म्हणते, "राहू दे हो, सवय आहे." सवय! आमच्या लेकीचंसुद्धा लग्न झालं आता, आणि एवढ्या वर्षांत या बाईनं पाहुण्यांबरोबर बसून गरम चहा प्यायलेला मला आठवेना. तिथल्या तिथं जाहीर केलं, "पुढच्या वेळी सगळं मी करणार. तू सोफ्यावर बसायचं आणि चहा प्यायचा. एक कप, गरम, बसून!"

ही म्हणाली, "बघू." आता बायकोनं असं 'बघू' म्हटलं की मला माघार घेता येत नाही, हा माझा स्वभाव. काय करणार?

रविवार उजाडला. हिला स्वयंपाकघरात बंदी. तर दाराशी खुर्ची टाकून बसली, म्हणे पेपर वाचते. सकाळपासून एकच पान! आणि खोकतेय. मी बेसन भाजतोय, गॅस मोठा झाला की "खुक्." तूप जरा सढळ पडलं की "खुक् खुक्." मी म्हटलं, "घसा धरलाय का?" "नाही बाई, मी कुठं काय म्हणाले?" शेवटी दारच लावून घेतलं. मग काय, तूप पडायचं तेवढं पडलं. लाडू वळले, छान गोल वळले, ताटात ठेवून मागं फिरतो तर... सगळे चपटे! पुन्हा वळले, पुन्हा बसले. मग डोकं चालवलं. सगळं ताटात थापलं, सुरीनं चौकोन पाडले, वर बदामाचे काप. वडी! कोण विचारतंय? समोशांचंही तेच, फुटके खाली, धड ते वर. माझ्या डोळ्यांपुढं एवढंच, एक कप, गरम, बसून!

बेल वाजली. ताई, साडू आणि खालच्या मजल्यावर कपडे शिवतात त्या शिंपीकाकू. ही सोफ्यावर, मी ट्रे घेऊन धावतोय. आणि ही बसली कशी होती सांगू? गाडीत मी बसतो तशी! शिकाऊ माणूस गाडी चालवतोय, समोरून ट्रक येतोय, की शेजारच्या सीटवर माझा पाय आपोआप दाबला जातो. तसा मी पाण्याचा ट्रे जरा वाकडा केला की हिचा पाय जमिनीवर कच्चकन! चटणीची वाटी कलंडली की कच्चकन! पण उठली नाही हं. शब्दाला जागली.

पण ताई! थोडा वेळ बघत राहिल्या नि म्हणाल्या, "काय गं, तू बसलीयस?" "हो, बसलेय." "बरं नाहीये का तुला?" झालं! शिंपीकाकू ताडकन उठल्या, हिच्या कपाळाला हात, मानेला हात, बाहीचं माप घ्यावं तसा दंडाला हात. "ताप नाहीये. पण उतरलीय हो. मागचा ब्लाउज आत घ्यावा लागेल." ही म्हणतेय, "अहो, मी ठणठणीत आहे!" तर ताई आणखी हळू, "मग भांडलात का?" तुम्हीच सांगा, बाई आपल्या घरात आपल्या सोफ्यावर बसली तर एक तर आजारी, नाहीतर भांडण? तिसरं काही असूच नये?

इकडं साडू माझ्यामागून आत. साडू म्हणजे परीक्षक, खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीला मार्क देतात. आधी एक वडी तोंडात टाकली. "वडी झकास! पण लाडवासारखी लागते." मग दार लोटलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय केलंस?" "समोसे." "ते नाही रे! बायको फुगून बसलीय बाहेर. माफी मागून टाक. मी तर चूक ठाऊक नसली तरी मागून ठेवतो, कधी ना कधी उपयोगी पडते." मी सांगतोय, "अहो, तसं काही नाहीये, मला फक्त तिला एक कप, गरम..." आणि तेवढ्यात फस्स्स! चहा उतू! गॅस विझला, ओट्यावरून ओघळ, आल्या-वेलचीचा नुसता घमघमाट, आणि बाहेरून आवाज, "येऊ का?" "नाही!" "फडकं खालच्या कप्प्यात आहे!" "दिसलं!" दिसलं नव्हतं. माझ्या रुमालानं पुसलं.

पातेल्यात राहिला तेवढा गाळला. पाहुण्यांना दिला, हिला काठोकाठ, आणि माझ्या कपात तळाशी काहीतरी तपकिरी. हिच्या हातात कप दिला. वाफ निघतेय! मी समोरच उभा. "पी." हिनं कप उचलला, ओठांपाशी नेला... आणि ताई म्हणाल्या, "अगं, आमचे साहेब परवा नव्या खुर्चीत अडकले, ते सांगायचंच राहिलं!"

आता ताईंच्या ऑफिसातल्या गोष्टी म्हणजे एकेक नमुना. पण हिनं आजवर प्रत्येक गोष्ट अर्धीच ऐकलेली. रंगात आली की आत दूध वर यायचं नि ही पळायची. परत येऊन विचारायची, "काय झालं?" तर ताई डोळे पुसत म्हणायच्या, "तुला नाही कळायचं, तू नव्हतीस ना!"

आज ही हलली नाही. "मग गं?" मी म्हणतोय, "आधी चहा पी, गरम आहे तोवर!" तर मलाच हात करते, "थांबा हो, साहेब अडकलेत!" तेवढ्यात साडू, "चटणी आहे का रे अजून?" मी आत गेलो, बरणी काढतोय, नि बाहेर जो काही हशा फुटला! धावत आलो. ही सोफ्यावर आडवी, डोळ्यांतून पाणी, शिंपीकाकू पाठीवर थापट्या मारतायत, ही श्वास घ्यायला उठते नि पुन्हा आडवी! अशी हसताना तिला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, बरं वाटलं. फार बरं वाटलं. बरणी घेऊन तसाच उभा राहिलो.

आणि कप? टेबलावर. गार. वर ही जाड साय!

मी विचारलं, "काय झालं? साहेब निघाले कसे?" तर ही डोळे पुसत म्हणते, "अहो, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही नव्हतात ना!"

सगळे गेले. जाताना ताईंनी जाहीर केलं, "आता चहाला इथंच भेटायचं, भाऊजींच्या हातचा!" मी आपला ओट्यापाशी उभा राहून माझा तळाचा चहा पितोय. ही दारात आली. "गरम करून देऊ?" मी म्हटलं, "राहू दे, होईल सवय. तू ते साहेबांचं सांग." सांगायला लागली. "साहेब अडकले..." नि फुटली! पुन्हा सुरू केलं, पुन्हा फुटली! शेवटी पोट धरून म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या वेळी ताईच सांगेल, तिलाच छान जमतं."

पुढच्या वेळी! पुढच्या वेळी चहा कोण करणार? मी! दूध कुणाचं वर येणार? माझं! म्हणजे आमचे साहेब आपले... खुर्चीतच!