करंट पोच्चु!

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "काय हो विद्याधर, बॅटरी घ्यायची की नाही?" अहो, मला कळलं असतं तर आठ महिने डोकं खाजवत बसलो असतो का? तुम्हाला सांगतो, चेन्नईला बदली झाली, तांबरमला घर घेतलं, छतावर सोलर बसवलं, म्हटलं सुटलो! इथे उन्हाला काय तोटा? आणि पहिल्याच आठवड्यात भर दुपारी लाइट गेली... नि सोलरही ठप्प! सूर्य डोक्यावर, पॅनल छतावर, आणि पंखा गप! का? तर म्हणे, बाहेरची वीज गेली की सोलरही बंद पडतं, चालू ठेवायचं तर बॅटरी हवी. म्हणजे नवरा रुसला की बायकोनेही उपाशी राहायचं! झाली ना पंचाईत? घ्यायची की नाही?

आमची ही विद्युल्लता. नाव बघा, आणि घरात वीज नाही! ऑनलाइन गाणं शिकवते. म्हणाली, "अहो, रोज तीनला वीस मिनिटं जाते, नेमकी माझ्या क्लासला. मी 'सा' लावते आणि वायफाय बंद! दोघी सोडून गेल्या. तिसरी गेली की पेटी माळ्यावर टाकीन." बोलता बोलता पेटीचं झाकण लावून टाकलं हो तिने. मलाही वाईट वाटलं. पण मी पडलो बँकेतला माणूस! म्हटलं, अंदाज नको, पुरावा हवा!

मग फाटकाशी इस्त्री करणाऱ्या वेंकटला कामाला लावलं. मी अण्णा नगरला ऑफिसात, आणि तीनला त्याचा मेसेज, "सार, करंट पोच्चु!" मी वहीत लिहिलं, करंट पोचला. वीस मिनिटांनी पुन्हा, "सार, करंट वंदाच्चु!" म्हटलं, झाला वांदा! लिहिलं, करंट गेला. महिनाभर हेच! संध्याकाळी घरी लाइट असायची, पण मला वाटायचं, आपलं नशीब जोरावर!

महिन्याने हिशेब काय निघाला? वीज दिवसाला तेवीस तास चाळीस मिनिटं गायब! हादरलोच! आता कसलं घ्यायची की नाही? बॅटरीवाल्या प्राणेशला बोलावलं, म्हटलं, कपाटाएवढी आण! पोरगा तंजावरकडचा, मराठी बोलणारा. त्याने वही वाचली, वर पंखा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अय्यो सार, तेवीस तास करंट नाही? मग हा पंखा कोण फिरवतोय? सार, पोच्चु म्हणजे गेला! वंदाच्चु म्हणजे आला! तुम्ही सगळं उलटं लिहिलं!"

ही हसली असती तर बरं झालं असतं. पण नाही. शांतपणे म्हणाली, "म्हणजे तीन वाजता, वीस मिनिटं. मी काय सांगत होते?" आणि तुमच्यापासून काय लपवायचं... पुरावा गोळा होईपर्यंत तिसरीही गेली होती.

बॅटरी मग तिनेच मागवली. छोटीशी. आता नव्या चार मुली आहेत, आणि तीन वाजता 'सा' लागला की लागला, मध्ये तुटत नाही.

काल शेजारचे माधवराव विचारत होते, "मग शेवटी घ्यायची की नाही, तुमचं मत काय पडलं?"

म्हटलं, माझं मत? पोच्चु! ...पोचलं नाही हो. गेलं!