कोरी ठेवलेली तेविसावी स्लाइड

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आदरणीय डॉक्टरबाई; व्यासपीठावरील सर्व मान्यवर; आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो; त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू; आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. घरी घड्याळ लावून वाचलं, साडेचार होतात. कागदात पाहून बोलतो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. बारावीला दोनदा बसलेला माणूस आहे मी. पाठ केलेलं ऐन वेळी विसरतो.

सात वर्षांपूर्वी इथे लागलो, तेव्हा मास्तरांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्लाइड म्हणजे काय? मी म्हटलं, बागेतली घसरगुंडी. माझी भाची तिला स्लाइड म्हणते. आणखी? मग मी सिनेमाच्या मध्यंतरातल्या जाहिराती सांगितल्या. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बोटाएवढी काच माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "बाकी सगळ्या स्लाइड सरकण्यासाठी असतात, बाळा. आपली मात्र जागची हलता कामा नये. हिच्यावर कुणाच्या तरी अंगाचा तुकडा आहे."

शाळेत कुणी असं शिकवलं असतं, तर मी दोनदा कशाला बसलो असतो?

पाहुण्यांसाठी सांगतो. काच डॉक्टरबाईंकडे जाण्याआधी दोघांनी मिळून तपासायची, ही पद्धत मास्तरांचीच. एकाने रुग्णाच्या कागदावरचा नंबर पुकारायचा. दुसऱ्याने काच उजेडाकडे धरून तिच्यावरचा पेन्सिलीचा नंबर वाचायचा, "आहे" म्हणायचं आणि मगच ती त्या कागदावर ठेवायची. शिपाईदादा म्हणायचे, भरली यांची शाळा. पण सहा वर्षांत एकही काच इकडची तिकडे झाली नाही.

इथे कागदावर मास्तरांचे आभार लिहिले आहेत. पुढचं ते स्वतः सांगतील, अशी माझी समजूत होती. मी कागदाची घडी करतो.

चौदा महिन्यांपूर्वी, दुपारी, मी एक्केचाळीस पुकारला. मास्तरांच्या कानाला फोन होता, मुलाच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. ते म्हणाले, "आहे." मी बेचाळीस पुकारला. "आहे." दोन्ही काचा एकमेकींच्या कागदांवर गेल्या. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना काहीच झालं नव्हतं, त्यांना कॅन्सर असल्याचं कळवलं गेलं. ज्या गृहस्थांना तो होता, ते निर्धास्त राहिले. अकरा दिवसांनी फेरतपासणीत उलगडा झाला. ते गृहस्थ वाचले, हे आपलं नशीब.

चौकशीत मास्तर म्हणाले, "यानं पुकारलंच नाही. एकट्यानेच लावल्या." डॉक्टरबाई, तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी मास्तरांना खोटं पाडलं नाही. बाहेर व्हरांड्यात मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "चौदाच महिने राहिलेत माझे. डाग घेऊन घरी जाऊ का? निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर मीच सांगतो. तू तरुण आहेस, तुझं निभावेल."

मी विश्वास ठेवला. त्या बाईंकडे जाऊन माफी मागितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अकरा दिवसांत मी लेकीला मशीनमध्ये दोरा ओवण्यापासून सगळं शिकवलं. आता ती मला येता-जाता निरखत असते रे."

तेव्हापासून मी नमुने घ्यायच्या खिडकीवर आहे. काचेला हात लावायची मला मनाई आहे.

मास्तरांच्या नोकरीच्या फोटोंच्या ज्या बावीस स्लाइड आज पाहिल्यात, त्या मी केल्या. तेविसावी कोरी ठेव, तिथे मला बोलायचंय, असं मास्तरांनीच सांगितलं होतं. मी ती कोरी ठेवली आणि चार वेळा तपासली. कोऱ्या पडद्यात तपासायचं काय असतं? तरी तपासली. दहा मिनिटांपूर्वी ती आली. मास्तर म्हणाले, "ही चुकून राहिलेली दिसते. आमच्या पोराचा धांदरटपणा जायचा नाही." तुम्ही सगळे हसलात. तुमचा दोष नाही.

ती अजून माझ्या मागे आहे. कृपया कुणी बंद करू नका.

मास्तर, मी पुन्हा पुकारतो. एक्केचाळीस.

काकू, तुम्ही बसा. मी वाट पाहिली असती, पण माझी पाच मिनिटं होत आली.

डॉक्टरबाईंचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. मास्तरांनी मला जे शिकवलं, त्याचेही आभार. ते मी मागे घेत नाही. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. पण फक्त आजचं. त्या दिवशीची माफी मी एकदा मागून आलो आहे. ज्यांनी मागायची, त्यांची राहिली आहे. त्या बाईंचं शिवणाचं दुकान याच रस्त्याच्या टोकाला आहे. सहापर्यंत उघडं असतं.