सूनबाईची नवी पदवी

पदवीदानाचे गाऊन परत करायच्या रांगेत माझ्यापुढे सासू, सासरे आणि नुकतीच पदवी घेतलेली सून होती. सासरे अडखळत बोलत होते.

"सूनबाई, हे... एम.ए. का?"

"नाही बाबा, एम.ए. लग्नाआधीच झालं. ही वाचा-उपचारातली पदव्युत्तर पदवी."

"मग पी... पी..."

"पीएच.डी. म्हणायचंय त्यांना."

"आई, त्यांचं त्यांना म्हणू द्या ना."

"पीएच.डी.... कधी?"

"ती संशोधनाची, बाबा. त्यात आजवर कुणाला न सापडलेलं शोधायचं असतं. ही पदवी कामाची. पेशंटसमोर बसायचं आणि त्याला बोलतं करायचं."

"आणि पेशंट घरातच! अर्धांगवायूच्या झटक्यानं यांची वाचा गेली, तेव्हा मी आशाच सोडली होती. ही मात्र चांगली नोकरी सोडून पुन्हा वर्गात जाऊन बसली."

"आई, पुरे आता."

"सूनबाई..."

"बोला बाबा, घाई नाही."

"तुझे... फार... उपकार."

"ऐकलंस का गं? उभ्या संसारात मला कधी असं म्हणाले नाहीत!"

"तुझेही... मानतो. घरी... गेल्यावर."

"घरी कशाला? इथंच माना. रांग अजून बरीच मोठी आहे."