तुझे अर्धे, माझे अर्धे

“आपल्या आकड्यात तिसरं कोणी शिरायला नको यार!” माझ्या नवऱ्याची कॉलेजमधली मैत्रीण ऋचा बाहेर त्याला सांगत होती. मी स्वयंपाकघरात चहा उकळत होते. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, कान आपोआप तिकडे गेले.

ऋचा मुलुंडहून आमच्या बोरिवलीला आली की दोघं आकड्यांचे खेळ खेळतात. आजचा नवा होता. तिने चार आकडे सांगायचे, निखिलने तेच उलटे करून पुढे जोडायचे. त्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जायला नको. पहिली तीनने फुटली, दुसरी सातने. आता कागदावर ३२७११७२३ होती.

“ही झकास आहे रे! तुझे अर्धे, माझे अर्धे.”

निखिल माझ्या पुरणपोळीवरही इतका खूश झाला नव्हता.

चहा ठेवताना मी एकाआड एक आकडे मिळवले. दोन्ही बेरजा तेरा. बेरजा सारख्या आल्या की अकराने भाग जातो, हे शाळेतलं. आणि उलटे करून जोडले की त्या सारख्याच येणार.

तोवर ऋचाशी मी “साखर किती?” एवढंच बोलले होते.

“कुठलेही चार घ्या,” मी म्हटलं, “तुमच्या दोघांत अकरा असणारच. सवय करून घ्या.”