पाटाकाठच्या गोगलगाई

सोलापुरातल्या जनावरांच्या दवाखान्याबाहेर मायाक्का सुजल्या जबड्याची मेंढी घेऊन बसली होती. पुढं दोन अनोळखी मेंढपाळ बोलत होते. तिचे कान आपोआप तिकडं लागले.

“आयकलंस का, सिद्धनाथा, डागदरनं माजी जबडा सुजून मेलेली मेंढी फाडून दावली. काळजात पानासारखं चपटं किडं!”

“आरं द्येवा! कुटनं आलं?”

“गोगलगाईच्या अंगातनं, म्हणं.”

“काईबी! गोगलगाई तुमच्या तळ्यात पयल्यापास्नं हायत की, रावजी.”

“त्या काळ्या, जाड कवचाच्या. ह्या बारक्या, पातळ कवचाच्या. नव्या पाटाच्या पाण्याबरूबर आल्या, आन सगळा चिखल बळकावला. काळ्या उरल्यात त्या निस्त्या दगडाच्या कडंला.”

“आमच्या वड्यात तर दोनी हायत.”

“तुमच्या वड्यात खेकडं हायत, ते पातळ कवच फोडून खात्यात. आमी तळ्यातलं खेकडं धरून धरून बाजारात इकलं की रं!”

“मंग मेंढ्या पाण्याकडं न्यायच्याच न्हाईत.”

“निस्तं पाणी न्हवं. किडा गोगलगाईतनं निघतो आन काठच्या गवताला चिकटतो. गवत खाल्लं की गेला पोटात.”

मायाक्कानं चटकन आपल्या मेंढीकडं पाहिलं. मेंढीला वाटेत भूक लागेल म्हणून तिनं पाटाकाठचं हिरवंगार गवत कापून आणलं होतं, आणि तिची मेंढी तेच चघळत होती. तिनं मेंढीच्या तोंडातला घास ओढून काढला.

“दादा,” ती कशीबशी म्हणाली, “घरी कोकरांम्होरं ह्याच गवताचा भारा टाकून आलेय मी.”

रावजी ताडकन उठला.

“मेंढी हितं ऱ्हाऊ दे, बाई, मी बगतो. तू आदी घराकडं पळ!”