मागचे ब्रेक

रंगनाथ : कॉम्प्युटरवरला खेळ पुसून टाक म्हणलं ना सायले. ह्याच खेळानं माझा गोरक्ष खाल्ला.

सायली : पुसते आप्पा, पण आधी एकदा बघा. क्लासची पोरं दोनला येतील. दादा याच वेळेला इथं बसायचा, जीप स्टँडवर नंबरला लावून.

रंगनाथ : म्हाईत हाय. हितं पळवायला शिकला आन् भंडारदऱ्याच्या उतारावर जीप बी तशीच पळवली. सगळं अकोले तेच बोलतंय.

सायली : अकोले बोलतंय कारण तुम्ही सांगितलंत. पंचनाम्यात सांगितलंत, आईला सांगितलंत. आई अजून त्याचा फोटो लावू देत नाही. म्हणते, स्वतःच्या हौसेनं मेला.

रंगनाथ : मग? जोरात हुता म्हणूनच फिरली ना जीप?

सायली : हे वाचा. त्यानं फ्लॉपीत ठेवलेल्या सेटिंगचं नाव. 'आप्पांची जीप'.

रंगनाथ : ही रेसची गाडी हाय. हिचा आन् जीपचा काय संबंध?

सायली : तेच जुळवत बसला होता दोन महिने. स्प्रिंगा मऊ केल्या. टाकी गच्च भरली की ते सोळा माणसांचं वजन, तळाला आणली की रिकामी जीप. आणि इथं ब्रेक. पुढच्या चाकांना किती, मागच्यांना किती, ते ठरवता येतं. त्यानं जवळजवळ सगळा जोर मागं दिलाय.

रंगनाथ : बराबर दिलाय. मीच आवळलेत मागचे. मागं बारा माणसं बसत्यात, निसत्या पुढच्या ब्रेकानं थांबती व्हय? आन् आपली जीप रिकामी चालतीय कधी?

सायली : ही भरलेली. वळणावर ब्रेक दाबला. बघा, सरळ थांबली.

रंगनाथ : थांबणारच. वीस वर्सं हात काळे केल्यात.

सायली : आता टाकी रिकामी करते. रस्ता त्या दिवशीसारखा ओला. वेग साठ. ब्रेक दाबला... बघा, फिरली.

रंगनाथ : तू दाबलास चुकीचा.

सायली : मग तुम्ही दाबा. हे बटण.

रंगनाथ : ...फिरली. वेग कमी कर.

सायली : पन्नास.

रंगनाथ : अजून कमी कर.

सायली : चाळीस. आप्पा, चाळीसलाही फिरतेय.

रंगनाथ : मागची चाकं पुढं येत्यात गं. त्या उतारावर बी जीपचं तोंड वर भंडारदऱ्याकडंच हुतं. मला वाटलं, काय इसरलं म्हणून पोरगं माघारी वळलं का काय.

सायली : पाहुण्यांना सोडून रिकामाच येत होता ना तो?

रंगनाथ : मीच म्हणलो हुतो, भाड्याची वाट बघू नको, सरळ घरी ये.

(पंख्याची घरघर. पडद्यावर आडवी झालेली गाडी.)

रंगनाथ : त्यो बोलला हुता मला. 'आप्पा, मागचे जरा सैल करू.' जीपखाली शिरला बी हुता. मी पाय धरून भाईर वढला, पाना काढून घेतला. म्हणलो, खेळ खेळून मला ब्रेक शिकवतो का?

सायली : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

रंगनाथ : अजून जीपखाली गेलो की वाटतं, बाजूला कुनीतरी निजलंय. पाना मागतंय. मी वर बघतच न्हाई, नट आवळून भाईर येतो.

सायली : आप्पा...

रंगनाथ : तुझी आई घरीच आसंल ना आत्ता?

सायली : हो.

रंगनाथ : मग चल माझ्यासंगं. माझं एकट्याचं तिच्यापुढं तोंड उघडायचं न्हाई.