वहिनीने थांबवलेला झोपाळा

आमच्या मीनावहिनीचं काम विचाराल, तर धातू का तुटतात हे लॅबमध्ये शोधणं. परवाच्या रविवारी ती आमच्या गोडदेवच्या सोसायटीत आली आणि तिने पोरांचा झोपाळाच थांबवला. वरच्या हुकाला तिला केसाएवढी भेग दिसली होती.

पोरं रडायला लागली. सेक्रेटरी जिग्नेशभाई तापले. "मॅडम, कल मैं खुद बैठा था. कुछ नहीं हुआ."

"आप एक बार बैठे, भाई. बच्चे रोज झूलते हैं," वहिनी शांतपणे म्हणाली. मग मला म्हणाली, "लोखंड वजनापेक्षा हेलकाव्यांनी थकतं रे."

स्टुलावर चढून तिने हूक काढला, गेटच्या फटीत अडकवून हाताने जरा दाबला. तो खडूसारखा तुटला. जिग्नेशभाई खालीच बसले. वहिनीने झोपाळा थांबवला तेव्हा त्यावर त्यांचीच नात होती.

वहिनी मात्र पोरांना जवळ घेऊन तुटलेला तुकडा दाखवत होती. त्यावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा होत्या. "बघा, भेग अशी थोडी थोडी सरकत आली." पोरं रडणं विसरून तुकड्यासाठी भांडायला लागली.

जिग्नेशभाई उठले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अब लिफ्ट भी देख लो ना."